गुहागरची सहल आणि पावसाचा अंदाज: जावं की पुढे ढकलावं?

पागोळी
शुक्रवार १४ ऑगस्ट ते सोमवार १७, पुण्याहून गुहागर. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे (दोघं सत्तरीपुढचे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात), मुलं ९ आणि ४ वर्षांची. गाडी सात सीटर, म्हणजे डिकी नावापुरती. मुक्काम वेळणेश्वरच्या बाजूला एका घरगुती ठिकाणी, निम्मे पैसे भरलेत. रस्ता उंब्रज-पाटण-कुंभार्ली-चिपळूण असा डोक्यात आहे.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये चारही दिवस ढग, थेंब आणि "८५ टक्के". घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो कोकणात ऑगस्टात पाऊस नाही तर काय बर्फ पडणार? दुसरा म्हणतो पैसे देऊन ओले टॉवेल बघत बसायचं का? तर अंदाज कितपत धरायचा, किती पाऊस म्हणजे "नको", आणि हे ठरवायचं कधी? नुसतं "जा, धमाल करा" नको, आकडे द्या.

खारावारा
जा, धमाल करा.

पागोळी
आभारी आहे. 🙂

सरळमार्गी
हवामान खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा आमच्याकडचा नियम. रेड अलर्ट दिला की शाळा बंद आणि बाहेर ऊन. बिनधास्त निघा.

घाटमाथा
@सरळमार्गी, इशारा नीट वाचला तर तो इतका चुकत नाही. त्यात नेहमी लिहिलेलं असतं, "तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार". हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. म्हणजे चारातल्या तीन गावांत तसा पाऊस पडला नाही तरी अंदाज बरोबरच. तुमचं गाव कोरडं राहिलं म्हणून पलीकडच्या घाटात दरड कोसळली नाही असं होत नाही.

पागोळीताई, तुमचे आकडे. हे २४ तासांचे, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ:

१५.५ मिमीपर्यंत हलका
१५.६ ते ६४.४ मध्यम
६४.५ ते ११५.५ मुसळधार
११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार
त्यापुढे अत्यंत मुसळधार

मध्यमपर्यंत कोकणात कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. वीस मिनिटं सर, मग तासभर उघडीप, पुन्हा सर. सहलीला हाच पाऊस उत्तम. मुसळधारमध्ये एखादं ठिकाण बघायचं राहतं. अतिमुसळधारच्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही, मुक्कामीच राहायचं. त्यापुढचा आकडा तुम्हाला ज्या दिवशी घाट उतरायचा आहे त्या दिवसासाठी असेल, तर पुण्यातून निघायचंच नाही.

आणि ते ८५ टक्के विसरा. ती "पाऊस पडण्याची शक्यता" आहे, किती पडणार ते नव्हे. दहा मिनिटांची भुरभुरही त्यातच धरली जाते. ऑगस्टात कोकणातल्या कुठल्याही गावाला अ‍ॅप ८०-९० दाखवणारच. मिमी दाखवणारं काहीतरी बघा.

तिसरी_घंटा
मिमी बघायचे तर विंडी हे हवामानाचं अ‍ॅप उघडा आणि युरोपीय हवामान मॉडेल व अमेरिकी जीएफएस मॉडेल दोन्ही लावून बघा. दोघांचा मेळ बसला तर भरवसा वाढतो. एक ५० मिमी आणि दुसरं १८० म्हणत असेल तर अजून कुणालाच नक्की काही कळलेलं नाही असं समजायचं, दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. पाच दिवसांपलीकडचा मिमीचा आकडा तर करमणूक म्हणूनच बघावा.

युरोपीय मॉडेलची चौकटसुद्धा (जेवढ्या भागाला ते एकच आकडा देतं) साधारण ९ किमीची. सह्याद्रीची धार त्याहून चिंचोळी, त्यामुळे मॉडेलमध्ये घाट बोथट होतो आणि घाटातला पाऊस बऱ्याचदा कमी दिसतो. गुहागरला ६० दाखवलं तर घाटमाथ्यावर दुप्पट धरून चाला.

आणखी एक खूण म्हणजे बंगालचा उपसागर. ओडिशाच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडे सरकू लागलं की इकडे अरबी समुद्रावरून वारे जोर धरतात आणि कोकण-घाटमाथ्यावर दोन-तीन दिवस पाऊस वाढतो. १०-१२ तारखेला तसं काही दिसतंय का ते बघा. याउलट मान्सूनचा आस (उत्तरेतला कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याला सरकला तर इकडे खंड पडतो, आणि ऑगस्टात हे जुलैपेक्षा जास्त वेळा होतं. मुंबईत सांताक्रूझची जुलैची सरासरी साडेआठशे मिमीच्या आसपास, ऑगस्टची साडेपाचशेच्या. तारखा वाईट नाहीत तुमच्या.

चकलीचा_सोऱ्या
पावसाच्या नक्षत्रांत तरणा झाला, म्हातारा झाला, आता आश्लेषा चालू. १७ ला मघा लागतील. नक्षत्राचं वाहन काय आहे ते पंचांगात बघा. बेडूक असेल तर रेनकोट, गाढव असेल तर सरळमार्गींना विचारा. (हलकेच घ्या.)

सरळमार्गी
घेतलं. 😄 पण "तुरळक" ची व्याख्या खरंच माहीत नव्हती.

निमूट
सगळे गुहागरचा पाऊस बघताय. गुहागरात पडून पडून काय होणार आहे? वाळूवर पडेल आणि समुद्रात जाईल. प्रश्न रस्त्याचा आहे. पुणे ते गुहागर या रस्त्यावर अडकायच्या जागा तीनच: पाटण-कोयनानगर पट्टा, कुंभार्ली घाट आणि चिपळूण. या तिघांचा अंदाज बघा. आणि मुख्य म्हणजे १४ चा नाही, १७ चा बघा. जाताना अडलात तर घरी परत जाता येतं. येताना अडलात तर सोमवारची रजा मंगळवार-बुधवारपर्यंत लांबते, सासऱ्यांच्या गोळ्या संपतात आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

घाटमाथा
निमूट यांच्याशी शंभर टक्के सहमत, त्यात थोडी भर.

हवामान खातं आता साताऱ्याचा घाट परिसर वेगळा आणि बाकीचा जिल्हा वेगळा दाखवतं. "सातारा: यलो" एवढंच वाचून निघू नका, "सातारा घाट" काय म्हणतंय ते बघा. तेच आणि रत्नागिरी, या दोनच ओळी तुमच्या कामाच्या.

कोयना धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफूट). ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते भरत आलेलं असतं, म्हणजे जोराचा पाऊस झाला की दरवाजे उघडतात. ते पाणी पूर्वेला पाटण-कऱ्हाडकडे जातं. मुख्य रस्ता सहसा चालू राहतो, पण नदीकाठचे सखल पूल आधी जातात. गूगलने आतला "जवळचा" रस्ता दाखवला तर त्याचं ऐकू नका.

चिपळूणची गोष्ट निराळी. वाशिष्ठी नदीला डोंगराचं पाणी, त्यात कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणीही पश्चिमेला याच नदीत उतरतं, आणि खाली समुद्राची भरती. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, मग शहरात शिरतं. २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी नोंद होती. घाटमाथ्यावर पडतं ते काही तासांत चिपळूणला पोचतं.

दर्यावर्दी
भरतीचा विषय निघालाच आहे तर. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. अमावस्या १२ ला, म्हणजे १५ ऑगस्टला श्रावण शुद्ध तृतीया. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि रात्री आठ-साडेआठला पूर्ण ओहोटी. हा हिशोब साधारण मुंबईचा, गुहागरला त्याआधी येते. रोज पाऊण तास पुढे सरकवा.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) फिरायचं तर सकाळी साडेसहा ते नऊ. दुपारच्या जेवणानंतर मुलं "समुद्रावर चला" म्हणतील तेव्हा नेमकी भरती. अमावस्या नुकतीच होऊन गेल्यामुळे उधाणाचं पाणीही बरंच चढलेलं असेल. या दिवसांत पाय भिजवायलासुद्धा उतरू नये. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, चार वर्षांचं मूल तिथल्या तिथे बसतं आणि पुढची लाट त्याच्या डोक्यावरून जाते. सुरुच्या बनातून बघायचं, बस्स.

हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली अरुंद भेग) भरतीला बघायची असते हे खरं, पण पावसाळ्यात तो खडक शेवाळाने साबणासारखा होतो. आजीआजोबा आणि लहानग्याला घेऊन नको. वर दशभुज गणेशाचं दर्शन घ्या, मात्र १६ ला विनायकी चतुर्थी आहे, गर्दी धरा.

मधली_आळी
दर्यावर्दी, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पागोळीताई, मुक्कामाच्या मालकांना आजच फोन करा आणि "पाऊस कसा आहे?" असं विचारू नका. "येवा, काय नाय, पाऊस आपला असतोच" असंच उत्तर येईल. नेमकं विचारा:

वीज गेली तर किती वेळ जाते? इन्व्हर्टरवर पंखे चालतात की फक्त दिवे? मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत एखादा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आहे का, आणि तो पाण्याखाली जातो का? गाडी दारापर्यंत येते की पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरायची? (सासूबाईंसाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा. जांभ्याच्या ओल्या पायऱ्या म्हणजे घसरगुंडी.) संडास खोलीला लागून की पडवीतून जायचं? नेटवर्क कुठल्या कंपनीचं येतं?

आणि पैशांचं. परत मागितले तर दोघांचीही तोंडं वाकडी होतात. "रेड आला तर तारीख बदलून द्याल का?" असं विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. फक्त ते आधी विचारायचं आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं. १३ च्या रात्री विचाराल तर बाजारहाट झालेला असतो, त्यांचंही नुकसान.

खारावारा
मासे मिळतील का हा मूळ प्रश्न कुणीच घेत नाहीये.

दर्यावर्दी
मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पण दर्या शांत असेल तरच होड्या बाहेर पडतात. जोराचा वारा असेल तर खाडीचे मासे, चिंबोऱ्या आणि सुकट यावर भागवायचं. जाता जाता, १३ पासून श्रावण आहे.

खारावारा
सहल रद्द करा.

चकलीचा_सोऱ्या
😂😂

अनवाणी_ड्रायव्हर
गाडीबद्दल लिहितो, कारण पावसात सहल बिघडते ती बहुतेक काचेमुळे.

सहा माणसं, त्यातली चार भिजलेली, काचा बंद. घाटात धुकं आलं की पुढची काच आतून दोन मिनिटांत पांढरी होते. लोक फडक्याने पुसतात, ती पुन्हा धरते, आणि पुसताना एक हात स्टिअरिंगवरून सुटलेला. करायचं असं: एसी चालू, हवा काचेकडे वळवलेली, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद म्हणजे बाहेरची हवा आत येऊ द्यायची. एसी हवेतला ओलावा काढतो, तो थंडाव्यासाठी लावायचा नाहीये, तापमान वाढवलं तरी चालेल. उलट फार गार ठेवलात तर काच बाहेरून धरते आणि वाटतं एसी बिघडला. वायपर एकदा फिरवून काच स्वच्छ झाली तर धुकं बाहेरून आहे, मग एसीचं तापमान वाढवा.

वायपरचं रबर निघायच्या आठवडाभर आधी बदला. बऱ्याच गाड्यांत डावी-उजवी पट्टी वेगळ्या लांबीची असते, नंबर बघून घ्या. नव्या रबरानेही रेघा उठत असतील तर दोष काचेवरच्या तेलकट थराचा. भांड्याच्या साबणाने काच घासा आणि भरपूर पाण्याने धुवा.

टायरच्या खाचा किमान १.६ मिमी असाव्यात असा कायदा सांगतो, पण पावसाळी घाटासाठी तेवढ्यावर राहू नये, ३ च्या खाली गेल्या असतील तर बदललेले बरे. कुंभार्ली तुम्हाला जाताना उतरायचा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. हेडलाइट खाली, फॉग लॅम्प असेल तर तो.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर नियम सोपा. खालचा डांबर दिसत नसेल आणि पाणी हलत असेल तर थांबायचं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड नसेल तर तो खर्च सहसा खिशातूनच.

पागोळी
बापरे, केवढं सविस्तर. अनवाणी, ते बाहेरून-आतून धुक्याचं आजवर कळलंच नव्हतं. कॅरिअरवर बॅगा बांधल्या तर?

अनवाणी_ड्रायव्हर
ताडपत्री वरून घालून उपयोग नाही, पाणी खालून उडतं. आधी ताडपत्री अंथरा, त्यावर बॅगा, मग पुडीसारखी चारही बाजूंनी गुंडाळा, दुमड मागच्या बाजूला. आतले कपडे तरीही प्लास्टिकच्या पिशव्यांत.

गोळीऔषध
आजीआजोबांच्या रोजच्या गोळ्या चार दिवसांच्या नाही, आठ दिवसांच्या घ्या, आणि दोन वेगळ्या बॅगांत. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, लहानग्याचं तापाचं औषध वजनानुसार किती ते डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं. पायाला जखम असेल तर चिखलात, शेतात, साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरू नये, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथूनच होतो. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "कोकणात पाण्यात फिरलो होतो" हे आपणहून सांगायचं. बाहेर ठेवलेल्या चपला-बूट झटकूनच घालायचे, आत फुरसं (छोटा विषारी साप) असू शकतं.

मधली_आळी
जीन्स नकोत, दोन दिवस वाळत नाहीत. छत्र्या घ्या पण भिस्त रेनकोटवर, किनाऱ्यावर वाऱ्याने छत्रीचं फूल होतं. दहा हात दोरी आणि चिमटे. रोख तीन-चार हजार सुट्यांसकट, वीज गेली की नेटवर्क जातं आणि मग क्यूआर कोड नुसता भिंतीवरचा शोभेचा. कॅरम नेऊ नका, दमट हवेत पावडरीचे गोळे होतात आणि स्ट्रायकर जागचा हलत नाही. पत्ते प्लास्टिकचे घ्या.

तिसरी_घंटा
अवांतर: वाटेत धबधबे दिसतील, नवजाचा ओझर्डे वगैरे. लांबून बघा. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतं. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असतो. पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या की तिथून लगेच निघायचं, फोटो काढत बसायचं नाही.

सरळमार्गी
ताम्हिणीने जाऊन माणगावला उतरलं तर? कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट तर टळतो.

निमूट
ताम्हिणीला कुंभार्लीपेक्षा पाऊस कमी नाही, उलट गर्दी जास्त. १५ ऑगस्टच्या जोडसुट्टीला अर्धं पुणं तिथेच भजी खात उभं असतं. पुढे महामार्गाचे खड्डे, मग परशुराम घाट. वरंध घाट तर पावसाळ्यात बंद असण्याचीच शक्यता. कुंभार्लीच बरा. फक्त तो उजेडात उतरायचा. पुण्यातून सहाला निघालात की साडेआठ-नऊला उंब्रज, साडेदहाच्या सुमारास घाट, एकपर्यंत गुहागर. परतताना गुहागरहून सातला निघा, दुपारी जेवून नाही.

घाटमाथा
मूळ प्रश्नाकडे येतो, ठरवायचं कधी. तीन वेळा बघा.

११ च्या संध्याकाळी: उपसागरात काही आहे का, दोन्ही मॉडेल काय म्हणतात. मालकांना कल्पना द्यायची ती याच दिवशी.
१३ च्या दुपारी: हवामान खात्याची जिल्हावार यादी. सातारा घाट किंवा रत्नागिरी यांपैकी एकाला १४ साठी रेड असेल तर रद्द. ऑरेंज असेल तर १७ चा रंग बघा. दोन्ही दिवस ऑरेंज असतील आणि बरोबर सत्तरीची माणसं असतील तर मी तरी "नको" म्हणेन. एकच असेल तर जा, पण मधल्या दिवसांत फिरायचा हट्ट नको. यलो असेल तर विचारसुद्धा करू नका, निघा.
१४ च्या पहाटे: तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि पाटण किंवा चिपळूणला ओळखीच्या कुणाला एक फोन. घाट चालू आहे का एवढंच विचारायचं.

पर्यायी बेत हाताशी ठेवा म्हणजे "रद्द" हा शब्द मुलांना ऐकवावा लागणार नाही. सह्याद्रीची धार ओलांडली की पाऊस झपाट्याने उतरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे, आणि पस्तीसेक किमी पूर्वेला वाईत हजारच्या आत. वाई-मेणवली-सातारा, नाहीतर थेट नळदुर्ग-तुळजापूर-अक्कलकोट. नळदुर्गच्या बोरी नदीला पाणी असेल तर किल्ल्यातला नर-मादी धबधबाही बघायला मिळतो, आणि तिथे कुंभार्लीसारखा घाट नाही.

पागोळी
मालकांशी बोलले. साकव आहे, पण घराच्या पलीकडे, आपल्या वाटेत नाही. गाडी दारात येते. इन्व्हर्टरवर दिवे आणि एक पंखा. तारीख दिवाळीपर्यंत बदलून देतो असं लिहून दिलंय. गोळ्या आठ दिवसांच्या भरल्या. वायपर उद्या. रेड आला तर नळदुर्ग, सासरे तर आत्ताच म्हणतायत की तिकडेच जाऊ, तुळजापूर होईल.

एकच राहिलं. १७ ला नागपंचमी आहे, सासूबाईंना सकाळी पूजा करूनच निघायचंय. सातला निघणं कसं जमवायचं?

मधली_आळी
दूध-लाह्या आदल्या रात्री मालकीणबाईंकडे सांगून ठेवा आणि पूजा पहाटे साडेपाचला. त्या दिवशी विळी-सुरी चालवत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत, त्यामुळे वाटेतला डबा १६ च्या रात्रीच करून घ्या. सांज्याच्या पोळ्या टिकतात.